भास्करचा घास

रामहरी कोकऱ्यांच्या वस्तीवर मुक्ताबाईला नुसतं बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. पणदऱ्याच्या शिवारात, कॅनॉलच्या खालच्या अंगाला त्यांचं साडेचार एकर रान. निम्म्यात ऊस, उरलेल्यात मका आणि गाईंसाठी लसूणघास, गोठ्यात सात गाया. पहाटे धारा, मग शेणघाण, मग वैरण, मग स्वयंपाक, पुन्हा वैरण, पुन्हा धारा. चहासुद्धा ती उभ्यानंच प्यायची, कपबशी ओट्यावर ठेवून, एक डोळा दारातून गोठ्याकडं लावून. कुणी म्हटलं, "मुक्ताबाई, जरा टेका की," तर म्हणायची, "टेकलं की पाय दुखत्यात." बावन्न वर्षांची बाई, अंगानं काटक, आवाजानं खणखणीत. घास कापायला लागली की बरोबरच्या बाया चार सऱ्या मागं राहायच्या.

दोन थोरल्या लेकी सासरी नांदत होत्या. धाकटी स्वरूपा शेंडेफळ. तिनं दहावीत असताना हट्टानं घरात माशाची पेटी आणवली. तीन फुटी काचेची पेटी आणि आत एकच मासा, तळहाताएवढा, काळपट अंगावर निखाऱ्यासारखे नारिंगी पट्टे. बारामतीत सुमित नावाच्या पोराचं माशांचं दुकान आहे, तिथून आणलेला. जात ऑस्कर. मुक्ताबाईच्या कानाला ते 'भास्कर' असं लागलं. स्वरूपानं दोन-चारदा सुधारून पाहिलं, दमली, आणि माशाचं नाव भास्करच पडलं.

मुक्ताबाईला मात्र हे प्रकरण पटलं नव्हतं. "दूध देत न्हाय, अंडी देत न्हाय, राखण करत न्हाय. खायचाबी न्हाय म्हणती. मग हाय कशाला?"

"बघायला," स्वरूपा म्हणायची.

"काचंत ठेवून बघायला त्यो काय पावना हाय?"

स्वरूपा बारावी झाली, तिला पुण्याला फार्मसीला प्रवेश मिळाला, आणि ऑगस्टात ती हॉस्टेलवर निघाली. जाताना तिनं दाण्यांचा डबा आईच्या हातात दिला. "सकाळी दहा दाणे, संध्याकाळी दहा. पाणी आठवड्याला थोडंच बदलायचं, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं. ताजं बोअरचं घालू नको." मुक्ताबाईनं मान हलवली. लेक गळ्यात पडून रडेल म्हणून तिनं पदर हातात धरून ठेवला होता. स्वरूपा रडली, पण पेटीच्या काचेला हात लावून. मुक्ताबाईला ते जरा लागलंच.

दुसऱ्या दिवसापासून भास्करनं खाणं सोडलं.

दाणे टाकले की पाण्यावर तरंगायचे, फुगायचे, हळूहळू तळाला बसायचे. भास्कर कोपऱ्यात तोंड करून पडलेला. मुक्ताबाई ते फुगलेले दाणे चहाच्या गाळणीनं काढायची आणि त्याला शिव्या द्यायची. पण तिसऱ्या दिवशी शिव्या कमी झाल्या. खाणं सोडलेलं जनावर तिला बघवायचं नाही, मग ते पाण्यातलं का असेना. पाचव्या दिवशी तिनं अंगणात उभं राहून लेकीला फोन लावला. मुक्ताबाईचा फोनवरचा आवाज म्हणजे पुण्याला फोनशिवायही ऐकू जावा असा.

"अगं, भास्कर पाच दिस झालं जेवला न्हाय! कोपऱ्यात पडून हाय. तुझ्या आठवणीनंच झुरतोय बघ!"

बांधापलीकडं प्रयागबाईचं घर. प्रयागबाई म्हणजे मुक्ताबाईची तीस वर्षांची मैत्रीण आणि तेवढ्याच वर्षांची भांडणारीण. तिनं हे ऐकलं आणि अर्ध्या तासात वाटीभर गरम पिठलं पदराखाली घेऊन हजर झाली. आधी इकडंतिकडं पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मुक्ते, माझ्यापास्नं लपवू नगंस. कोण ह्यो भास्कर? स्वरूपानं काय जमवलंय का?"

 मुक्ताबाईला असं हसू फुटलं की तिनं प्रयागबाईचा हात धरून तिला ओढतच आतल्या खोलीत नेलं. "ह्यो बघ भास्कर."

प्रयागबाईनं वाकून काचेतून नीट न्याहाळलं. "नाकीडोळी बरा हाय," ती म्हणाली. "पर जावई म्हणून जरा काळा वाटतोय." पिठलं मग दोघींनीच खाल्लं.

त्याच आठवड्यात एका गाईच्या सडाला सूज आली म्हणून जनावरांचे डॉक्टर आले. ऋषिराज डॉक्टर, तरुण पोरगा, मोटारसायकलला औषधांची पेटी बांधून वाड्यावस्त्या हिंडणारा. गाईला सुई टोचून तो हात धूत होता तेवढ्यात मुक्ताबाई म्हणाली, "डॉक्टर, घरात अजून एक पेशंट हाय."

पेटीपुढं उभा राहून डॉक्टरनं डोकं खाजवलं. "काकू, मी जनावरांचा डॉक्टर हाय."

"मग ह्यो काय माणूस हाय का?"

"तसं न्हाय, पर ह्याला धरू कुठं आन् तपासू काय?" तो हसला. मग जरा वाकून पाहत म्हणाला, "डोळं स्वच्छ हायत. अंगावर डाग न्हाय. आजारी वाटत न्हाय मला. तेच-तेच दाणं खाऊन कंटाळला असंल. नदीत असता तर किडं-बिडं धरून खाल्लं असतं त्यानं."

मुक्ताबाईनं ते ऐकून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घासाचा भारा टाकून पाणी प्यायला घरात आली. पदराला काहीतरी चिकटलं होतं. पाहिलं तर नाकतोडा, करंगळीएवढा, हिरवा. झटकून टाकायला तिनं तो चिमटीत धरला, आणि डॉक्टरचं बोलणं आठवलं. पेटीचं झाकण सारून तिनं नाकतोडा पाण्यावर सोडला.

नाकतोडा पाय झाडत फिरला. भास्करचा एक डोळा वळला. मग तो सगळाच वळला. संथपणे, एखाद्या पैलवानानं मैदानात उतरावं तसा कोपऱ्यातून बाहेर आला, खालून वर पाहत थांबला, आणि पुढच्या क्षणी 'टप्प!' असा आवाज झाला. पाणी उसळून मुक्ताबाईच्या तोंडावर, कुंकवावर, चोळीवर. नाकतोडा गायब. भास्कर गालफडं हलवत तिच्याकडं टक लावून बघत होता. आणखी आहे का, असंच त्याचं म्हणणं होतं.

"आरं भामट्या!" मुक्ताबाई ओरडली. तोंड न पुसताच ती गोठ्याकडं पळाली, भारा सोडला आणि घासाच्या काड्या झटकायला लागली. तिचा नवरा रामहरी धावत आला. त्याला वाटलं भाऱ्यात साप निघाला.

"नाकतोडा धरा की! बघत काय उभं राह्यलाय!"

बत्तीस वर्षांच्या संसारात बायकोनं आपल्याला नाकतोडा धरायला सांगितल्याची ही पहिलीच वेळ. रामहरीनं धरला.

तिथून मुक्ताबाईची शिकार सुरू झाली. तिला कुणी शिकवलं नाही, पण आठ-दहा दिवसांत ती पक्की झाली. उन्हं वर आल्यावर नाकतोडे उडतात, हाती लागत नाहीत. भल्या सकाळी दव असतं तेव्हा ते गारठून काडीला चिकटून बसतात, बोरं तोडावीत तसे तोडून घ्यावेत. बिस्किटाच्या रिकाम्या बरणीच्या झाकणाला तिनं दाभणानं भोकं पाडली. मोठ्या नाकतोड्याच्या मागच्या पायांना काटे असतात, ते आधी काढायचे. शेणाच्या ढिगाकडेला दगड उलटला की रातकिडे मिळतात, ते भास्करला नाकतोड्यांहून आवडतात. घासावरचा हिरवा, वास मारणारा किडा मात्र त्यानं तोंडात घेऊन असा थुंकला की तो काचेवर आपटला. वर दिवसभर मुक्ताबाईकडं पाठ करून बसला. "रुसलाय," तिनं रामहरीला सांगितलं. "चुकलंच माझं."

घास कापायला येणाऱ्या बायांनाही याची गोडी लागली. विळा चालता चालता कुणीतरी ओरडायचं, "मुक्ताबाई, तुमच्या भास्करचं जेवण उडालं बगा तिकडं!" आणि चौघी-पाचजणी पदर खोचून एका नाकतोड्यामागं धावायच्या. जाणारे-येणारे कॅनॉलवर गाडी थांबवून बघायचे, या बायांना झालंय तरी काय.

आणि एक गोष्ट रामहरीच्या लक्षात आली. सकाळचं दूध डेअरीला गेलं की मुक्ताबाई बादली पालथी घालून पेटीपुढं बसायची. चहा हातात. भास्कर काचेजवळ यायचा, ती बोट इकडं न्यायची की तो इकडं, तिकडं न्यायची की तो तिकडं. ती त्याच्याशी गाईंबद्दल बोलायची, थोरलीच्या सासूबद्दल बोलायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रामहरी घाबरून म्हणाला होता, "बरं वाटत न्हाय का तुला?"

"का? बसलीया म्हणून?"

"व्हय."

"बसा तुमीबी. ती दुसरी बादली घ्या."

दसऱ्याच्या आधी प्रयागबाई एके दिवशी सकाळी बरणीभर नाकतोडे घेऊन आली. "मक्यात धरलं. सुस्त पडल्यालं, हातात घेतलं तरी उडंनात." मैत्रिणीनं आपल्या माशासाठी एवढा खटाटोप केला म्हणून मुक्ताबाईचा ऊर भरून आला. तिनं एकामागून एक सहा नाकतोडे भास्करला घातले. त्यानं सहाही गिळले.

दुपारी ती रानातून आली तेव्हा भास्कर आडवा पडला होता. कल्ले भराभर हलत होते, अंगावरचे नारिंगी पट्टे राखेसारखे फिके पडले होते. मधेच झटका आल्यासारखा तो काचेवर धडकायचा आणि पुन्हा कलंडायचा.

 पेटीवर सुमितच्या दुकानाची चिकटपट्टी होती, त्यावर नंबर. मुक्ताबाईनं लगेच लावला.

"मावशी, काय घातलं त्याला?" सुमितनं पहिलंच विचारलं.

"नाकतोडं. रोजच घालती मी."

"आजचे कुठले?"

"प्रयागच्या मक्यातलं…" आणि बोलता बोलताच तिला उमगलं. मक्यावर लष्करी अळी पडली होती. दोन दिवसांपूर्वी प्रयागबाईच्या नवऱ्याला पाठीवर औषधाचा पंप घेऊन मक्यात फिरताना तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. नाकतोडे सुस्त का होते, तेही कळलं.

"मावशी, रडू नका, ऐका," सुमित म्हणाला. "तिसरा हिस्सा पाणी काढा, कालपासून भरून ठेवलेलं पाणी घाला. तासाभरानं परत तेच करा. हवेची मशीन बंद करू नका. खायला काही घालायचं नाही. मी निघतोच."

भरून ठेवलेलं पाणी अंगणातल्या बॅरलमध्ये होतं. दुधाचे कॅन धुऊन रामहरीनं त्यात पाणी भरलं आणि आत वाहायला लागला. हा माणूस आजवर पाहुण्यांपुढं भास्करची टिंगल करायचा. आता वाकून पाणी ओतत होता, माशाला धक्का बसू नये म्हणून कॅनच्या तोंडाला तळहात लावून, अगदी बारीक धारेनं. सुमित तासाभरात मोटारसायकलवर आला. त्यानं पेटीच्या पाणी गाळायच्या यंत्रात विष शोषून घेणारा कोळसा भरला, हवेची आणखी एक नळी सोडली, आणि बाह्या वर सारून पाण्यात हात घालून भास्करला तळव्यावर सरळ धरून ठेवलं. बराच वेळ. चहा झाला तरी त्यानं हात काढला नाही.

"वाचंल का रं?" मुक्ताबाईनं विचारलं.

"ह्या जातीचा मासा चिवट असतो, मावशी. आणि थोडा नाटकीपण असतो. बघू."

प्रयागबाई उंबऱ्यावर येऊन बसली होती. पदरानं डोळे पुसत होती. मुक्ताबाईनं तिच्याकडं बघितलंच नाही. तिला रागही आला होता आणि राग आल्याची लाजही वाटत होती. दिवेलागणीला प्रयागबाई गुपचूप उठून घरी गेली.

पहाटे धारा काढायच्या आधी मुक्ताबाई पेटीकडं गेली. दिवा लावला. भास्कर तळाशी होता, पण उभा. पट्टे अजून फिके, पण उभा. तिनं बोट काचेला लावलं. तो एक वीतभर पुढं आला.

मुक्ताबाई तशीच बाहेर पडली, चप्पल न घालता, दवातून थेट बांधावर. "प्रयागे! ए प्रयागे! उठला गं, उठला!"

पलीकडचं दार धाडकन उघडलं. दोघी बांधावर एकमेकींच्या गळ्यात पडल्या. प्रयागबाईचा नवरा पांघरुणातून ओरडून विचारत होता कोण उठला म्हणून, आणि त्याला सांगायला कुणाला सवड नव्हती.

भास्करला पुरतं सावरायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत दोन बदल झाले. पहिला रामहरीनं केला. विहिरीजवळच्या दोन गुंठे घासाभोवती त्यानं काठ्या रोवून दोरी बांधली आणि जाहीर केलं, "ह्या तुकड्यात औषधाचा पंप जाणार न्हाय. ह्यो भास्करचा घास." गावात त्या तुकड्याला सगळे आता तसंच म्हणतात. तिथला घास किडीनं जरा खाल्ला जातो, पण गाया तक्रार करत नाहीत.

दुसरा बदल सुमितनं केला. त्यानं डबीभर पिवळ्या अळ्या आणून दिल्या. "मावशी, रानातल्या किड्यांवर सगळा भरवसा नको. ह्या घरात वाढवा. गव्हाचा कोंडा घालायचा, वर गाजराचा तुकडा, झाकायला फडकं. अळीचा किडा होतो, किडा अंडी घालतो, पुन्हा अळ्या. पण भास्करला रोज नको, अंगाला चरबी धरतो तो. आठवड्यातून दोन-तीनदा."

मुक्ताबाईला हे काम फारच जमलं. ज्या बाईनं सात गायांच्या वेताची तिथी डोक्यात ठेवली, तिला अळ्यांचं काय! टब एकाचे तीन झाले. थोरली लेक माहेरी आली तेव्हा कोंडा समजून गाईच्या आंबोणात घालायला तिनं टबात हात घातला, आणि तिची किंचाळी पार डेअरीपर्यंत ऐकू गेली म्हणतात.

सुमित आपल्या गिऱ्हाइकांना मुक्ताबाईचा नंबर द्यायला लागला. इंदापूरच्या एका कॉलेजातले अविराज नावाचे प्राध्यापक, त्यांचा मासा दाणे खाईना. त्यांनी फोन केला. "मॅडम, नाकतोड्याचे पाय काढायचे का?"

मुक्ताबाईनं आधी फोन कानापासून दूर धरून पाहिला, हा दुसऱ्या कुणासाठी तर नाही ना. मग घसा खाकरून म्हणाली, "पाय मोडूनच द्या सर, घशात टोचत्यात. आन् ज्याच्या रानातनं धरताय त्याला आधी इचारा, औषध कवा मारलंय. महिनाभर मारलं नसंल तरच धरा. हिरवा, वास मारणारा किडा घालू नगा, मासा थुंकतोय." प्राध्यापक सगळं लिहून घेत होते. ते पलीकडून "हं, हं, पुढे?" म्हणायचे, आणि मुक्ताबाई पुढं सांगायची.

जानेवारीत स्वरूपा सुट्टीला आली. पिशवी टाकून पळत पेटीकडं गेली. "ऑस्कर! ओळखलंस का मला?" भास्करनं एक डोळा फिरवला आणि दारात उभ्या असलेल्या मुक्ताबाईकडं तोंड करून काचेला चिकटला. स्वरूपानं दाणे टाकले. त्यानं ते खाल्ले, पण खाताना बघत होता आईकडं.

"वा रे वा! पाच महिन्यांत पार्टी बदलली!"

"नाकतोडा घाल त्याला," मुक्ताबाईनं बरणी पुढं केली. "मग बघंल तुझ्याकडं."

स्वरूपा दोन पावलं मागं सरकली. "नको! मी किड्याला हात नाही लावणार."

"एवढा मासा सांभाळलास आन् किड्याला भितीस? ये हिकडं. चिमटीत धर. हितं, पाठीवर. चावत न्हाय."

तीनदा सुटला, एकदा स्वरूपाच्या केसांत गेला, रामहरीनं तो काढायचा सोडून आधी पोट धरून हसून घेतलं. चौथ्यांदा नाकतोडा पाण्यात पडला, टप्प झालं, आणि भिजलेली स्वरूपा लहान असताना हसायची तशी हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वरूपा स्कूटी काढत म्हणाली, "आई, चल, सुमितदादाच्या दुकानात जाऊ. तू एकदाही बघितलं नाहीस." मुक्ताबाई बारामतीला जायची ती दवाखान्याला, बाजाराला, नाहीतर लग्नाच्या बस्त्याला. काही काम नसताना जायचं म्हणजे तिला कसंतरीच वाटलं. पण रामहरी म्हणाला, "जावा, धारा मी काढतो." तिनं इस्त्रीचं पातळ नेसलं आणि रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून टबातल्या अळ्यांचा मोठा डबा भरून घेतला.

दुकान लांबोडकं, दोन्ही भिंतींना वरपासून खालपर्यंत पेट्या, निळा उजेड. मुक्ताबाई दारातच थबकली. लाल, पिवळे, पांढरेशुभ्र, नखाएवढे, हाताएवढे. एका पेटीत नुसतेच चकचकीत ठिपके, सगळे एकदम वळणारे. सुमितनं गिऱ्हाइकांपुढं तिची ओळख करून दिली, "या पणदऱ्याच्या मावशी, मी सांगत होतो त्या." आणि ती प्रत्येक पेटीपुढं उभी राहून एकच विचारत होती, "ह्यो काय खातो? आन् ह्यो?"

"तुम्हीच घालून बघा," सुमित म्हणाला. त्यानं एक-एक पेटीचं झाकण सारून दिलं.

मुक्ताबाईनं डबा उघडला. पहिल्या पेटीत दोन अळ्या टाकल्या. टप्प. दुसऱ्या पेटीत. टप्प, टप्प. लहान माशांसाठी अळीचे तुकडे करायला तिनं सुमितकडून कात्री मागून घेतली. बघता बघता दुकानभर पाणी उसळायला लागलं. गिऱ्हाइकं आपली खरेदी सोडून तिच्यामागून फिरत होती. एक लहानगी पोर वडिलांच्या कडेवरून टाळ्या पिटत होती. खालच्या रांगेत, दगडाच्या कपारीत एक मिशाळ मासा दडून बसलेला. सुमित म्हणाला, "तो नाही यायचा मावशी, दिवसा तो बाहेरच पडत नाही." मुक्ताबाईनं पदर खोचला, फरशीवर फतकल मारली, अळी बोटाच्या टोकावर घेतली आणि हात पाण्यात सोडला.

"न्हाय कसा यायचा," ती म्हणाली. "ये रं बाळा, ये. घरची हाय, औषधाची न्हाय."

सगळं दुकान वाकून बघत राहिलं. आधी एक मिशी बाहेर आली. मग दुसरी.